दोनशे तीन खरी उत्तरं

मृणाली फुकन हे नाव मी त्या मंगळवारपर्यंत ऐकलंही नव्हतं. गुवाहाटीला पीएच.डी. करणारी कोणी एक मुलगी. मी तिसऱ्या वर्षाचे पेपर तपासत चडफडत बसले होते, तेवढ्यात तिचा मेल आला. छोटासा आणि अतिशय नम्र.

‘मॅडम, तुमचा ‘आडोसा’ हा प्रोग्राम मी चालवून पाहिला. त्याने आपल्या मनाने दिलेली दोनशे नऊ उत्तरं तुमच्या जाहीर केलेल्या यादीत जशीच्या तशी सापडली. एकही चुकलं नाही. असं व्हायला नको ना? मी अजून कुणाला बोललेले नाही. चूक जाहीर करण्याआधी रिवाजाप्रमाणे चौदा दिवस थांबते.’

मी मेल दोनदा वाचला आणि लाल पेन खाली ठेवलं.

कारण सांगते. गणित लागत नाही, थोडा धीर लागतो.

आमच्या कोल्हापूर भागात ‘सह्यघाट परिवहन’ नावाची कंपनी घाटातून बस चालवते. चारशे बारा ड्रायव्हर, बारा बारा तासांची ड्युटी. आता बारा तास स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला विचारा, ‘बाबा रे, गाडी चालवताना कधी डोळा लागला का?’ तो कशाला सांगेल? वर विमा कंपन्यांचा नियम : ज्याची डुलकीची कबुली कागदावर आहे, त्याचा विमा नाही. विमा नाही तर बसची किल्ली नाही. म्हणून सगळे ड्रायव्हर टक्क जागे होते आणि घाटात वर्षाला एकोणीस अपघात होत होते.

यावर एक जुनी युक्ती आहे. प्रश्न विचारायचा, पण उत्तर द्यायच्या आधी नाणं फेकायचं. छापा पडला तर ड्रायव्हरने दाबलेलं उत्तर जसंच्या तसं पुढे जाईल. काटा पडला तर फोन त्याचं उत्तर टाकून देईल, परत नाणं फेकेल आणि स्वतःच ‘होय’ किंवा ‘नाही’ पाठवेल. नाणं कसं पडलं हे कुणालाच कळत नाही. त्यामुळे एखाद्याच्या नावासमोर ‘होय’ आलं तरी ते त्याचं की नाण्याचं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मात्र चारशे जणांची उत्तरं एकत्र केली की नाण्याचा वाटा वजा करता येतो. माणूस झाकलेला राहतो आणि गावाचं खरं बाहेर येतं.

मी हे नाणं फोनमध्ये बसवलं. शंभरातल्या बेचाळीस जणांना डुलकी लागलेली निघाली. वर्तमानपत्रात गाजलं, सरकार हललं, ड्युटी आठ तासांवर आली. घाटातले अपघात एकोणीसचे सहा झाले. मला शाल-श्रीफळ मिळालं. प्रोग्राम मी ओपन सोर्स केला, म्हणजे त्यातली ओळन् ओळ कुणीही वाचावी अशी उघड्यावर ठेवली. झाकून ठेवलेल्या कुलपापेक्षा सगळ्यांनी तपासलेलं कुलूप बरं, असं मी वर्गात घसा फोडून सांगत असते. यादीही जाहीर केली. नावं काढून टाकली होती. डेपो, वय, नोकरीची वर्षं आणि उत्तर, एवढंच ठेवलं होतं.

आता माझा शहाणपणा ऐका. कॉम्प्युटर खरं नाणं फेकत नाही. तो एका आकड्यापासून सुरुवात करून गणिताने छापा-काटा काढत जातो. सुरुवातीचा आकडा दरवेळी नवा आणि कुणालाही माहीत नसलेला हवा, कारण आकडा तोच असला तर छापा-काटेही तेच पडतात. पण नाणं फोनवर जाण्याआधी, या पद्धतीवरचा माझा शोधनिबंध तपासणाऱ्या समीक्षकाची तक्रार आली : ‘तुमचा प्रयोग पुन्हा केला की उत्तर थोडं वेगळं येतं.’ आम्हा संशोधकांना यापेक्षा मोठी शिवी नाही. मी तडक सुरुवातीचा आकडा कायमचा ठरवून टाकला. एक हजार आठ. आमच्या जैनांच्या घरात शुभकार्याच्या कागदावर तोच असतो, बोटं आपोआप तिकडे गेली. समीक्षक खूश झाला. आणि ती ओळ काढायची राहिली. तीच आवृत्ती चारशे बारा फोनांवर गेली : यादीत ज्याचा जो क्रमांक, त्याच्या वाट्याला त्या क्रमांकाचं नाणं.

म्हणजे आता कुणीही प्रोग्राम उघडायचा, आकडा बघायचा आणि कोणत्या दोनशे नऊ ओळी नाण्याच्या आहेत ते काढायचं. उरलेली दोनशे तीन उत्तरं ड्रायव्हरांनी स्वतः दाबलेली. त्यांत शहाऐंशी ‘होय’. डेपो, वय, नोकरीची वर्षं कंपनीच्या रजिस्टरशी लावली की शहाऐंशी नावं. शहाऐंशी घरं बसणार, आणि ती मी बसवणार.

एवढ्यावरच थांबले असते तरी बरं झालं असतं. पण घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही. बुधवारी सकाळी मी ती ओळ गुपचूप काढून टाकली. आमच्यात प्रत्येक बदलासोबत कारण लिहायची पद्धत असते. मी लिहिलं, ‘किरकोळ दुरुस्ती’. ओपन सोर्समध्ये कोणती ओळ कधी गेली, कुणी काढली, हे सगळ्या जगाला दिसतं, आणि मी हे दरवर्षी साठ पोरांना शिकवते! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गुरुवारी दुपारी अभिनंदन उपाध्येचा फोन आला. माझा जुना विद्यार्थी, आता सह्यघाटमध्ये कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख.

“मॅडम, नमस्कार. बरं आहे ना?”

“बरं आहे. बोल.”

“मॅडम, तुम्ही काल एक ओळ काढलीत.”

मी लाल पेनाला टोपण लावलं.

“मी बघत असतो तुमचा प्रोग्राम. सवय लागलीय,” तो म्हणाला. “ती ओळ मला किरकोळ वाटली नाही.”

“अभिनंदन, तू काढलीस का यादी?”

त्याने आधी केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, “मी स्वतःहून कुणाकडे गेलो नव्हतो, शपथेवर सांगतो. पण आमच्या मॅनेजरनी, इनामदार साहेबांनी आज सकाळी विचारलं, यादीतून नावं निघतील का. विमा कंपनीवाले त्यांच्या मागे लागलेत. मी पगारी माणूस आहे मॅडम. विचारल्यावर खोटं सांगता आलं नाही. शनिवारी अकराला मीटिंग आहे. तुम्हालाही बोलावणं येईल.”

“तुला काही वाटलं नाही रे?”

“वाटलं. म्हणून तर फोन केला.”

त्याच्यावर ओरडायचं होतं, पण कोणत्या तोंडाने? मी फोन ठेवला, स्कूटर काढली आणि अक्काकडे निघाले.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण निर्मला. आणि तिचे यजमान, आमचे दाजी, भूपाल मगदूम, सह्यघाटमध्येच ड्रायव्हर. तीस वर्षं नोकरी, चार उरलेली. ड्रायव्हर लोक त्यांना अण्णा म्हणतात आणि त्यांच्या शब्दाबाहेर जात नाहीत. माझा सर्व्हे घ्यायला एकही डेपो तयार नव्हता, तेव्हा दाजी प्रत्येक गेटवर उभे राहून बोलले होते. ‘माझी मेव्हणी हाय. तिनं केलेलं हाय म्हंजे बिनधास्त लिवा.’ सर्व्हेत शेवटचा प्रश्न होता, ‘तुम्ही उत्तर द्यायला का तयार झालात?’ मला वाटलं, लोक नाण्याचं किंवा उघड्या प्रोग्रामचं नाव घेतील. तीनशेवर लोकांनी लिहिलं, ‘अण्णांनी सांगितलं म्हणून.’ त्यावरही मी एक निबंध लिहिला होता, विश्वासाविषयी. आता त्याची लाज वाटत होती.

मी पोचले तेव्हा पावणेसहा वाजले होते. त्यांच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवण उरकतात. दाजी पाटावर बसलेले, ताटात भाकरी आणि मेथीची भाजी. अक्का तव्यापाशी.

“या मॅडम!” दाजी म्हणाले. “निर्मला, आणि एक ताट घे. काय तोंड उतारलंय गं? पेपरात समद्या पोरांस्नी पास केलंस काय?”

“दाजी, मला क्षमा करा.”

“क्षमावाणीच्या सणाला अजून अवकाश हाय. आधी झालंय काय ते सांग.”

मी सांगितलं. आकडा, ओळ, मृणाली, अभिनंदन, शनिवार. काही लपवलं नाही, गुपचूप केलेली दुरुस्तीसुद्धा. दाजींचं जेवण मंद होत गेलं. अक्काने तवा उतरवला.

“शहाऐंशी?” दाजींनी विचारलं.

“शहाऐंशी.”

“रंगराव हाय त्यात?”

रंगराव खोत म्हणजे गारगोटी डेपोचा तरुण ड्रायव्हर, दाजींच्या हाताखाली शिकलेला. मी मान हलवली. काल मी यादी स्वतः काढून पाहिली होती. बघायला नको होती, पण पाहिली.

“भरवशाच्या म्हशीला टोणगा,” अक्का पुटपुटली. मला म्हणाली, की नशिबाला, कळलं नाही. मी ते माझ्यावरच घेतलं.

“एक सांगू दाजी? तुम्ही सुटलात,” मी घाईघाईने म्हणाले. काहीतरी चांगलं सांगावं म्हणून म्हणाले. “तुमची ओळ दोनशे तीनमध्ये आहे, पण उत्तर ‘नाही’ आहे. तुम्हाला कुणी हात लावू शकत नाही.”

दाजींनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग तांब्यातलं पाणी घेऊन त्यांनी हात धुतला, ताटातच. जेवण अर्धं टाकून उठलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

“मी खोटं दाबलं हुतं,” ते म्हणाले.

“काय?”

“गगनबावड्याच्या उतरणीला. दोन वर्सं झाली, कार्तिकात. चव्वेचाळीस माणसं माझ्या मागं. डोळा लागला न्‌ उघडला तवा म्होरं कठडा. कसा वळवला माझं मला ठाऊक न्हाई. मागं एक म्हातारी वरडली, तिला म्हनलो, कुत्रं आडवं आलं.”

अक्का जागीच खाली बसली. “त्या दिवशी घरी येऊन चहा घेतला तुम्ही,” ती म्हणाली. “म्हणालात, रस्ता मोकळा हुता.”

“व्हय.”

“दोन वर्सं मला सांगितलं न्हाई!”

“कुनालाच न्हाई सांगितलं. आनि हिनं फोन हातात दिला, म्हनाली नाणं हाय, कुनाला कळत न्हाई. मला काय त्यात नाणं दिसलं न्हाई. पोरास्नी म्हनलो, डोळं झाकून लिवा. आनि मी माझं डोळं उघडं ठेवलं.” त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. “त्यांनी माझ्यावर इस्वास ठेवला. मी तुझ्यावर ठेवला न्हाई, त्रिशला. खरं ते हे हाय.”

मला राग आला. खोटं कशाला सांगू, सणकून राग आला. माझ्या प्रोग्रामसाठी ज्या माणसाने शब्द टाकला, त्यालाच तो पटला नव्हता! आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं, की चारशे बारा जणांत तोच एक शहाणा निघाला.

दाजी माझ्याकडे बघत होते. “एक सांग. यादीत मी ‘न्हाई’. आनि मी हुबा राहून म्हनलो, मला डोळा लागला हुता. मग यादी खोटी पडती का न्हाई?”

“पडते,” मी म्हणाले. “ते कबुलीजबाब नाहीत, नुसती दाबलेली बटणं आहेत. एक खोटं सिद्ध झालं, तर बाकीच्यांवर कारवाई करायला पुरावा कच्चा पडतो. पण दाजी, तुमचा बॅज जाईल, नोकरी जाईल. चार वर्षं राहिलीत.”

“गप बस तू!” अक्का माझ्यावर कडाडली. तिला रडू फुटलं होतं. “झाकली मूठ सव्वा लाखाची. आता कुनी विचारलंय का त्यांना? न्हाई ना? मग कशाला?”

अक्काने ताट उचललं आणि आत नेलं.

शुक्रवारी मी माझं काम केलं. मृणालीला कळवलं, की आता थांबू नकोस. आणि प्रोग्रामच्या पहिल्या पानावर माझं पूर्ण नाव घालून लिहिलं : आकडा कायम ठेवण्याची चूक माझी, ती लपवण्याचा प्रयत्नही माझाच. ज्यांनी ज्यांनी हा प्रोग्राम वापरला असेल त्यांनी आजच थांबवावा. तीन देशांतून मेल आले. दोघांनी आभार मानले, एकाने शिव्या घातल्या. शिव्या रास्त होत्या.

शनिवारी अकरा वाजता आम्ही सह्यघाटच्या मीटिंग हॉलमध्ये होतो. टेबलाच्या एका बाजूला व्यवस्थापक इनामदार, विमा कंपनीची एक बाई आणि अभिनंदन. दुसऱ्या बाजूला ड्रायव्हरांचे प्रतिनिधी म्हणून दाजी आणि रंगराव. मी मधल्या खुर्चीवर. अभिनंदनसमोर यादीचा कागद पालथा ठेवला होता.

इनामदार मोजकं बोलले. “कंपनीने कुणाची माहिती चोरलेली नाही. प्रोग्राम जाहीर, यादी जाहीर. या शहाऐंशी ड्रायव्हरांना सोमवारपासून गाडी देता येणार नाही. प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे.”

रंगराव त्या पालथ्या कागदाकडे बघत होता. आपलं नाव आहे हे त्याला आतून ठाऊक होतं.

दाजी उभे राहिले. “साहेब, त्या कागदावर माझं काय हाय?”

इनामदारांनी अभिनंदनकडे पाहिलं. त्याने दुसरी यादी चाळली. “मगदूम भूपाल. ‘नाही’. तुमचा यात काही संबंध नाही अण्णा.”

“मग लिवून घ्या. मला डोळा लागला हुता. गगनबावड्याची उतरण, सकाळची गाडी, चव्वेचाळीस पॅसेंजर. मी खोटं बटन दाबलं. हा बॅज.” त्यांनी खिशावरचा बॅज काढून टेबलावर ठेवला. “आता सांगा, कागद खरा का मी खरा?”

विमा कंपनीची बाई हुशार होती. “एका ड्रायव्हरनं भीतीनं ‘नाही’ लिहिलं असेल,” ती म्हणाली. “पण खोटं ‘होय’ कोण लिहील?”

हाच प्रश्न मला रात्रंदिवस छळत होता.

“मी लिवाय लावलं,” दाजी शांतपणे म्हणाले. “गेटवर सांगितलं हुतं. ‘होय’ जास्ती आली तर ड्युटी कमी हुईल. लागली असू दे नसू दे, ‘होय’ दाबा. निम्म्या पोरांनी माझ्यासाठी दाबलं असंल.”

इनामदार रंगरावकडे वळले. “खरं आहे हे?”

रंगरावने दाजींकडे पाहिलं. मग खाली. “व्हय साहेब. अण्णा बोलले हुते.”

मला माहीत होतं, की हे धादांत खोटं आहे. प्रत्येक गेटवर मी दाजींच्या शेजारी उभी होते.

“मॅडम,” इनामदार माझ्याकडे वळले, “हे खरं असेल तर तुमचं संशोधन मातीत गेलं. बेचाळीस टक्के वगैरे सगळं. मान्य आहे तुम्हाला?”

आठ वर्षांचं काम होतं. त्यातली प्रत्येक बुडालेली सहल, प्रत्येक रद्द केलेली दिवाळी मला आठवली. एका ‘नाही’ने ते वाचलं असतं. मला फक्त खरं बोलायचं होतं.

“मान्य आहे,” मी म्हणाले. “ती उत्तरं विश्वासार्ह नाहीत. मी निबंध मागे घेते.”

“मग ड्युटीही परत बारा तासांवर आणायला हरकत नाही.”

“आणा ना,” मी भडकलेच. “पण एकोणीस अपघातांचे सहा झाले, हे माझ्या प्रोग्रामने सांगितलेलं नाही. ते पोलिसांच्या दप्तरात आहे. ड्युटी वाढवा आणि सातव्या अपघाताला तुमची सही जोडा.”

इनामदारांनी अभिनंदनला विचारलं, “हा कागद कोर्टात टिकेल?”

अभिनंदनने एकदा माझ्याकडे पाहिलं. “नाही सर,” तो म्हणाला. “आता नाही टिकणार.”

विम्याच्या बाईने फाइल मिटली. दाजींचा बॅज मात्र इनामदारांनी उचलून खणात टाकला.

बाहेर आवारात पंचवीस-तीस ड्रायव्हर थांबले होते. दाजी पायऱ्या उतरले, मागे मी, मागे रंगराव. तो खालच्या पायरीवर थांबला.

“अण्णा, साहेबाम्होरं मी व्हय म्हनलो,” तो म्हणाला. “पर आता खरं सांगा. तुमी ‘न्हाई’ दाबलं हुतं?”

“व्हय.”

“आनि आमास्नी खरं लिवा म्हनला?”

“व्हय.”

“तुमी बॅज दिला, नोकरी वाचली, जल्मभर इसरनार न्हाई. पर इथनं म्होरं तुमी काय सांगितलं तर मी आयकनार न्हाई.”

“आयकू नगो,” दाजी म्हणाले.

ते गेटकडे चालू लागले आणि ड्रायव्हर बाजूला होऊन वाट देत गेले. कुणी हाक मारली नाही. घरी अक्काने त्यांना काही विचारलं नाही, नुसतं ताट वाढलं. मी मात्र तिथे बसून हमसून हमसून रडले, माझ्यासाठी की त्यांच्यासाठी ते आजही सांगता येणार नाही.

पंधरवड्याने, सुट्टीच्या दिवशी सकाळी, रंगराव माझ्या कॉलेजात आला. गणवेश नव्हता, इस्त्रीचा शर्ट होता. दारातच उभा राहिला.

“मॅडम, त्यो प्रोग्राम उघडा हाय म्हनता ना? मग मला दावा. एकेक वळ. मला विंग्रजी येत न्हाई, तुमी सांगा, मी आयकतो.”

“रंगराव, चार हजार ओळी आहेत.”

“आज ड्युटी न्हाई मला.”

मी खुर्ची ओढून दिली. आम्ही पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. तो दर ओळीला ‘का?’ विचारायचा, आणि थातुरमातुर उत्तर दिलं तर तसाच बघत राहायचा. तासाभरात मला माझ्याच दोन चुका सापडल्या. मग आम्ही नाणं जिथे फेकलं जातं तिथे पोचलो. त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं.

“हितं काय लिवलंय?”

“इथे आपण दुसऱ्या एका प्रोग्रामला सांगतो, की नाणं फेक.”

“दुसऱ्या म्हंजे कुनाच्या?”

“असाच उघड्यावर ठेवलेला आहे. जगभर वापरतात. मीही अकरा वर्षं वापरते आहे.”

“तुमी वाचलाय?”

नाही. मी तो कधीच वाचला नव्हता. मला कुणीतरी चांगल्या माणसाने सांगितलं होतं, म्हणून मी तो घेतला होता.

“नाही,” मी म्हणाले.

रंगरावने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मग त्याने खुर्ची टेबलाच्या आणखी जवळ घेतली.

“मग त्यो वाचाय काढा आदी,” तो म्हणाला.